अश्वशक्ती आणि विवेक

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला. वय एकवीस, नुकतीच नोकरी लागलेली, हातात दुचाकींची तीन माहितीपत्रके. चहाचा कप बाजूला सारून त्याने ती माझ्यापुढे पसरली आणि म्हणाला, “मामा, आईला तुम्हीच सांगा. ती तुमचे ऐकते.”

प्रश्न वरवर साधा होता. त्याला स्पोर्ट जातीची मोटारसायकल घ्यायची होती. पुढे झुकून बसायची, वाऱ्याला चिरण्यासाठी अंगभर आवरण घातलेली, शर्यतीच्या गाडीच्या वळणाची. पैसे त्याचे स्वतःचे होते, उरलेल्या रकमेचे हप्ते तोच फेडणार होता. वाद होता तो इंजिनाच्या आकाराविषयी. माझ्या बहिणीचे म्हणणे, दीडशे सी.सी.च्या वर जायचे नाही. भाच्याचे मन 373 सी.सी.च्या गाडीवर जडलेले. तिसरे माहितीपत्रक सहाशे सी.सी.च्या गाडीचे होते. ते त्याने केवळ स्वप्न म्हणून जवळ ठेवले होते; परंतु स्वप्नेही माणसाविषयी काही सांगत असतात.

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. “दोन आठवडे दे,” एवढेच म्हटले. कारण हा प्रश्न मला यंत्राचा वाटला नाही. माणसाने आपल्या हाती किती शक्ती घ्यावी, आणि ते कोणी ठरवावे, असा तो प्रश्न होता. तो मोटारसायकलीपुरता मर्यादित नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. तरीही त्याचा विचार मोटारसायकलीच्याच आधारे करावा असे मला वाटते. नुसत्या तत्त्वांची चर्चा करताना आपण सारेच शहाणे असतो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. सी.सी. म्हणजे घन सेंटिमीटर. दट्ट्या खालीवर होताना सिलिंडरमधील जेवढी जागा व्यापतो, तेवढे ते माप. परंतु ह्या आकड्यावरून गाडीचा स्वभाव कळत नाही. आपल्याकडच्या परिचित 350 सी.सी.च्या धीम्या, धडधडत जाणाऱ्या बुलेटच्या वळणाच्या गाड्या सुमारे वीस अश्वशक्ती देतात. 373 सी.सी.ची स्पोर्ट गाडी जवळजवळ तेवढ्याच जागेतून त्रेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती काढते. सहाशे सी.सी.ची चार सिलिंडरांची शर्यती गाडी शंभराचा आकडा सहज ओलांडते. तिचे इंजिन मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे घेते, आणि ते सारे बळ दोनशे किलोंच्या आतबाहेरच्या सांगाड्यात सामावलेले असते.

ज्यांना हे आकडे अपरिचित आहेत त्यांच्यासाठी एक घरगुती तुलना करतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आलेली पहिली चारचाकी म्हणजे मारुती 800. तिचे इंजिन 796 सी.सी.चे आणि ताकद सुमारे 37 अश्वशक्ती. त्या ताकदीवर आपण आईवडील, मुले, लग्नाचे सामान आणि वर फणसाचे पोते घेऊन हिंडलो. माझ्या भाच्याला हवी असलेली दुचाकी त्या गाडीपेक्षा अधिक ताकदीची आणि वजनाला तिच्या सुमारे चौथा हिस्सा. हे कळले तेव्हा माझ्या बहिणीची भीती केवळ आईच्या काळजाची नाही, तिला गणिताचाही आधार आहे, असे मला मान्य करावे लागले.

दुसरे गणित शाळेतले आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतरही साधारण चौपट होते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात बावीस मीटर पुढे गेलेला असतो. धोका दिसणे आणि हात ब्रेकवर जाणे, एवढ्यातच तो सेकंद संपतो. 2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील 44.5 टक्के दुचाकींवरील होती. ह्या आकड्यात स्पोर्ट गाड्या किती व साध्या किती, हे मी शोधले नाही. शंभर सी.सी.ची गाडीही जीव घेऊ शकते. लहान इंजिन म्हणजे पुण्य आणि मोठे म्हणजे पाप, अशी सोपी विभागणी येथे चालणार नाही.

मग कायद्याला विचारावे का? आपला मोटार वाहन कायदा 1988 चा. सोळाव्या वर्षी 50 सी.सी.पर्यंतची दुचाकी चालवता येते. अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला, की पुढे शंभर सी.सी. आणि हजार सी.सी. ह्यांत कायदा भेद करत नाही. युरोपात 2013 पासून पायऱ्यांची पद्धत आहे. सोळाव्या वर्षापासून 125 सी.सी. व सुमारे पंधरा अश्वशक्तीपर्यंतची गाडी. अठराव्यापासून सुमारे सत्तेचाळीस अश्वशक्तीपर्यंतची. आणि अमर्याद ताकदीची गाडी त्या दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढल्यानंतर किंवा थेट चोविसाव्या वर्षी. काही देशांनी ही वये आणखी पुढे ढकलली आहेत. तेथे गाडीची शक्ती आणि वजन ह्यांचे प्रमाणही मोजले जाते. ह्या मोजपट्टीवर भाच्याची गाडी दुसऱ्या पायरीच्या वरच्या टोकाला बसते. म्हणजे ती त्याच्या वयाला निषिद्ध नाही. पण नवशिक्याची पहिली गाडीही नव्हे.

आपला कायदा मात्र एका ठिकाणी सी.सी. पाहतो, आणि ते ठिकाण मोठे सूचक आहे. सक्तीच्या विम्याचे दर इंजिनाच्या आकाराप्रमाणे चढतात. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 75 ते 150 सी.सी.साठी वर्षाला 714 रुपये, 350 पर्यंत 1,366 आणि त्यावर 2,804 रुपये अशा पायऱ्या होत्या. ह्या विम्याला ‘तृतीय पक्षाचा विमा’ म्हणतात. गाडीमुळे ज्याचे नुकसान होईल, अशा परक्या माणसासाठी तो असतो. गाडी विकणारा एक पक्ष आणि घेणारा दुसरा, असे आपण समजतो. तिसराही एक पक्ष आहे. दुकानातील सौद्याच्या वेळी तो हजर नसतो आणि त्याचे मत कोणी विचारत नाही.

ह्या तिसऱ्या पक्षाची आणि माझी एकदा भेट झाली आहे.

1986 सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. एका मित्राकडे 350 सी.सी.ची, जुळ्या सिलिंडरांची गाडी होती. त्या काळी तशी गाडी तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका रविवारी दुपारी मी ती मागून घेतली आणि वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर काढली. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. मूठ थोडीशीच पिळली असेन. गाडीने मात्र मला खांद्याला धरून ओढावे तसे पुढे नेले. तो क्षण मी खोटे न बोलता सांगतो: इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. पुढच्याच क्षणी वाडीच्या फाटकातून केळीचे घड लादलेली सायकल रस्त्यावर आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी आडवी घसरत गेली आणि सायकलीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हातारा भीतीनेच पडला. घड रस्त्यावर विखुरले. त्याचे कोपर सोलवटले होते. तो उठला, धोतर झटकले, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “लागले का रे बाबा तुला?”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या केव्हाच विसरलो असतो. तो प्रश्न मात्र विसरता आला नाही. त्याने ती गाडी निवडली नव्हती, तिचा वेग निवडला नव्हता, आणि वाऱ्याने माझ्या छातीत भरलेल्या आनंदातही त्याचा वाटा नव्हता. धोक्यात मात्र तो माझा बरोबरीचा भागीदार होता. किंबहुना मोठाच, कारण मला निदान काय येत आहे ते ठाऊक होते.

“मी माझा जीव धोक्यात घालतो, इतरांना काय त्याचे?” हा युक्तिवाद तरुणांच्या तोंडी नेहमी असतो. तो दोन ठिकाणी लंगडा पडतो. एक म्हणजे रस्ता हे एकट्याचे स्थान नाही. दुसरे म्हणजे जीवही एकट्याचा नसतो. रात्री उशीर झाला की दिवा न मालवता बसणारे कोणीतरी घरात असतेच.

परंतु भाच्याच्या बाजूनेही न्याय करायला हवा. त्याने माझ्यापुढे दोन मुद्दे ठेवले आणि दोन्ही विचार करण्याजोगे होते. पहिला असा की, फार लहान इंजिनही धोक्याचे ठरते. महामार्गावर लांबलचक मालमोटारीला ओलांडताना मध्येच दम संपलेली गाडी माणसाला समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडी देते. हे खरे आहे. राखीव ताकद ही चैनच असते असे नाही. दुसरा मुद्दा अधिक खोल. “मामा, ताकद इंजिनात असली तरी मूठ माझ्या हातात आहे. मोठी गाडी घेऊन सावकाश चालवली तर बिघडले कुठे? संयम माणसात हवा, यंत्रात नव्हे.”

मी ह्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. ते अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. संयम माणसात हवा हे खरेच. परंतु संयमी माणूस आपल्या संयमावर किती भार टाकावा हेही जाणतो. मनाची शांत वेळ आणि तापलेली वेळ ह्यांत फरक असतो. मित्र पुढे गेला आहे, रस्ता मोकळा आहे, कोणीतरी पाहत आहे, अशा घटकेला मूठ कोणाच्या हातात असते? माझ्या हातात होती ती 1986 साली. शिवाय बलाढ्य इंजिनावर मनगटाची किंचितशी चूकही मोठी होते. लहान इंजिन तीच चूक पोटात घालते. दुकानात, शांत चित्ताने घेतलेला निर्णय तापलेल्या घटकेतील आपल्यासाठी कुंपण घालून ठेवतो. अशा कुंपणाला दुबळेपणा म्हणू नये. स्वतःला ओळखणाऱ्याचा तो शहाणपणा आहे.

तर मग सर्वांसाठी एकच आकडा ठरवून द्यावा का? येथे मला ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आठवते. सद्गुण म्हणजे दोन टोकांमधील मध्य, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. पण हा मध्य फूटपट्टीने मोजायचा नव्हे, हे सांगायला तो आखाड्यातला दाखला देतो. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून तालमीचा वस्ताद सरसकट सहा माप वाढत नाही. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला तेवढे अपुरे, आणि काल आखाड्यात उतरलेल्या पोराला तेच अति. मध्य शोधायचा तो त्या माणसाच्या संदर्भात, आणि तो शोधणारी शक्ती म्हणजे विवेक.

दीडशे आणि सहाशे ह्यांच्या मधला आकडा काढून प्रश्न सुटत नाही, तो ह्यामुळेच. वीस वर्षे गाडी हाकलेल्या, हातापायांचे वळण बसलेल्या माणसाला पाचशे सी.सी. योग्य असू शकेल. ज्याने आजवर वडिलांची शंभर सी.सी.ची गाडी स्टेशनपर्यंत नेली आहे, त्याला दोनशेही भरपूर. आणि जो मल्ल आज नवशिका आहे, तो उद्या राहणार नाही. “नाही” आणि “आताच नाही” ह्या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे. पालक पुष्कळदा पहिले देतात आणि मुलांना दुसरेच ऐकण्याची गरज असते.

दोन आठवड्यांनी भाचा आला तेव्हा मी त्याला आकडा सांगितला नाही. तीन प्रश्न दिले. तू ज्या रस्त्यांवरून रोज जाणार आहेस, तेथे ह्या ताकदीचा कितवा हिस्सा प्रामाणिकपणे वापरता येईल? पावसात, अंधारात, अचानक गुरू आडवे आले तर ह्या गाडीला थांबवण्याचा सराव तुला आहे का? आणि कोणीच पाहणार नसेल, गाडीचे नाव कोणालाच कळणार नसेल, तरीही तू हेच इंजिन घेशील का? शेवटच्या प्रश्नावर तो हसला. मग बराच वेळ गप्प राहिला. म्हाताऱ्याची गोष्टही मी त्याला सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो.

त्याने शेवटी 155 सी.सी.ची स्पोर्ट गाडी घेतली. वळण तेच, आवरण तेच, ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. बहिणीच्या मते तीही पाच सी.सी.नी जास्तच. भाच्याचे म्हणणे, दोन वर्षांनी पुन्हा तुमच्याकडे माहितीपत्रके घेऊन येईन. मी म्हटले, जरूर ये. तेव्हाही उत्तर मी देणार नाही. प्रश्न मात्र तेच असतील.

हेल्मेट मी घेऊन दिले. पहिल्या दिवशी तो मला मागे बसवून समुद्राकडे घेऊन गेला. तो वाडीतला रस्ता आता डांबरी आहे, थोडा रुंदही झाला आहे. त्या फाटकापाशी येताच, मी काही न बोलता, त्याने मूठ सैल केली.