थकल्यावर कुठे जाऊन पडतो

माझे मामू अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतात. 2019 च्या जानेवारीत तिकडे उणे वीस अंशांच्या खाली थंडी गेली होती, तेव्हा त्यांचा फोन आला. "बेटी, काच साफ आहे, पण पाय बर्फ झालेत." मी आठवीला विज्ञान शिकवते, म्हणून जगातलं कुठलंही यंत्र मला कळतं असा त्यांचा गोड गैरसमज आहे.

गाडी 1994 सालचा पिकअप ट्रक. हीटर चालू, हवा चांगली गरम. पण बटन पायांकडे फिरवा नाहीतर छातीकडे, हवा जायची ती समोरच्या काचेवरच. वर्कशॉपवाल्याने डॅशबोर्डवरचं अख्खं कंट्रोल पॅनल बदललं, भरपूर डॉलर घेतले. गाडी घरी येईपर्यंत हवा पुन्हा काचेवर. आपण हात लावतो तिथेच दोष असणार, ही समजूत किती जुनी आहे! शाळेतही आवाज ज्या बाकावरून येतो त्या बाकावरचाच मुलगा उभा केला जातो.

मग मी वाचत बसले. त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा विजेवर नव्हे, तर व्हॅक्यूमवर चालत. व्हॅक्यूमला उर्दूत आम्ही 'ख़ला' म्हणतो, मराठीत पोकळी. पेट्रोल इंजिन हवा ओढत असतं आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला की हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्यामुळे आतल्या नळकांड्यात हवा विरळ होते. गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर मीटर साधारण 17 ते 21 इंच पारा दाखवतो. तिथून बारीक नळ्या डॅशबोर्डमागे जातात. प्रत्येक झडपेला एक चपटी डबी आणि डबीत रबरी पडदा असतो. पोकळी स्वतः काही ओढत नाही, बाहेरची हवा पडद्याला ढकलते आणि झडप फिरते. बटनाचं काम एवढंच की कुठल्या नळीला पोकळी जोडायची ते ठरवणं.

ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ही पोकळी संपते. हायवेवर चढताना नेमकं तेच होतं. म्हणून एक छोटी टाकी आणि एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह ठेवतात, शिल्लक पोकळी साठवायला. जीप चेरोकीच्या 1984 ते 2001 या मॉडेलमध्ये ही टाकी पुढच्या बंपरमागे असे. बंपरला ठोकर बसली की हवा काचेवर जाऊ लागे, आणि माणूस डॅशबोर्ड उघडून बसे.

पण मला अडवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पोकळी संपली, नळी फुटली, की झडप कुठे जाते? तिला एक स्प्रिंग असते आणि ती झडपेला काचेकडे नेते. कुणीतरी कागदावर गाडी आखताना, शांत डोक्याने, हे ठरवलं होतं. सगळं बिघडलं तर चालकाचे पाय गारठले तरी चालतील, पण त्याला रस्ता दिसला पाहिजे. आताच्या गाड्यांत हे काम विजेची छोटी मोटर करते. ती बिघडली की झडप बहुधा असेल तिथेच अडकून बसते. म्हणजे जुन्या यंत्राला एक नियत होती, असं मला वाटून गेलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, सहाव्या तासाला, मी एका मुलाच्या पाठीत धपाटा घातला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला मनाई आहे, हे मला बी.एड.ला शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मी म्हटलं, "थकले होते हो." ती रात्रभर शिवणकाम करणारी बाई. आवाज न चढवता म्हणाली, "आपा, थकते तर मीपण."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मनाशी वकिली केली. माझ्यातली स्प्रिंग मी थोडीच बसवली? माझ्या शाळेत छडी होती, घरी अब्बांचा हात होता. झडपेला आपण दोष देत नाही, मग मला का? हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि त्यात आराम आहे म्हणून तो मला संशयास्पदही वाटतो. ताकद संपल्यावर आपण कुठे जाऊन पडतो हे पहिल्यांदा कळेपर्यंत माणूस कदाचित निर्दोष असेल. पण कळल्यावर? ज्याला आपली स्प्रिंग माहीत आहे, त्याने ती ताजेपणी, सकाळी, पगाराच्या दिवशी बदलायला घ्यायची असते. सहाव्या तासाला ती बदलत नाही. शिवाय चांगली जागा ठरवली तरी ती फुकट नसते, कुणाचे तरी पाय गारठतातच. आता सहाव्या तासाला मी पुस्तक मिटते आणि मुलांना चित्रं काढायला देते. अभ्यासक्रम मागे राहतो आणि मुख्याध्यापक विचारतात.

मामूंच्या गाडीचा दोष आम्ही फोनवरच शोधला. गाडी चालू ठेवून एकेका बटनावर कान लावायचा. एखाद्याच दिशेला फुसफुस आली तर त्या डबीचा पडदा फाटला समजायचं. तशी आली नाही. मग हातपंपाने प्रत्येक डबीत पोकळी भरून काटा टिकतो का पाहिलं. सगळीकडे टिकला. म्हणजे डॅशबोर्डमागे पोकळी पोचतच नव्हती. मामूंनी बॉनेट उघडलं. इंजिनच्या उष्णतेने कडक झालेली बोटभर नळी जोडापाशी तडकली होती. थोड्या डॉलरचा रबरी तुकडा लागला. नवं पॅनल आहे तिथेच आहे.

व्हॉल्व्ह मात्र थकलेलाच आहे. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की अजून थोडा वेळ हवा काचेवर जाते आणि पाय उचलला की परत येते. बदलून घ्या म्हटलं, तर मामू म्हणाले, "राहू दे, तेवढ्यात काच पुसून निघते."