कश्यपाचा हिशेब

द्रौपदीला ओढून आणलं ती जागा आपण राजसभा म्हणून लक्षात ठेवतो. पण त्या दिवशी तिथं जमलेली माणसं खेळ बघायला जमली होती. फासे पडत होते, पैजा लागत होत्या, प्रत्येक डावानंतर शकुनी ‘जिंकलं’ म्हणत होता आणि धृतराष्ट्राला राहवत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा विचारत होता, जिंकलं का, जिंकलं का. अशा रंगलेल्या फडात एक बाई उभी राहते आणि विचारते की हे नियमात बसतं का. मी दिवसा पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो, कधीकाळी संस्कृतात एम.ए. केलंय, आणि टेकन हा फायटिंग गेम खेळणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या गटाचा ॲडमिन आहे. म्हणून असेल कदाचित, पण सभापर्वाचा हा भाग मला दरबारापेक्षा आम्ही रविवारी खेळायला जमतो त्या खोलीच्या जास्त जवळचा वाटतो.

भीष्म म्हणतो, धर्म फार सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. कौरवांपैकी एकटा विकर्ण तोंड उघडतो, तर कर्ण त्याला ‘तू अजून पोर आहेस’ अशा थाटात गप्प बसवतो. मग विदुर एक जुनी गोष्ट काढतो. ती कीर्तनात सहसा येत नाही, कारण तिच्यात ना वस्त्रं पुरवणारा कृष्ण आहे ना शपथ घेणारा भीम. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात एका मुलीवरून वाद पेटला: आपल्यात श्रेष्ठ कोण? दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाड्यासाठी गेले ते थेट प्रल्हादाकडेच. बापासमोर स्वतःच्या मुलाचा जीव. प्रल्हाद गोंधळला आणि कश्यपाला विचारायला गेला, की जाणत असून उत्तर दिलं नाही तर काय होतं?

कश्यपाने त्याला चक्क हिशेब मांडून दिला. लोभाने, रागाने किंवा भीतीने जो जाणूनबुजून गप्प बसतो त्याच्याभोवती वरुणाचे हजार पाश पडतात आणि वर्षाला एक सुटतो. सभेत निंद्य गोष्टीची निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाचा, पाव करणाऱ्याचा आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांचा. आणि निंदेला पात्र माणसाची निंदा झाली, तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात, सगळं पाप करणाऱ्याच्या डोक्यावर जातं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही वाटणी मला अन्यायाची वाटली होती. करणाऱ्याला फक्त पाव? नंतर लक्षात आलं की कश्यप गुन्हेगाराला सूट देत नाहीये. पाप कुठं जाऊन बसतं एवढंच तो सांगतोय, आणि ते ठरवणं सभेच्या हातात ठेवतोय.

फायटिंग गेम खेळणाऱ्यांना 2012 सालचा ‘क्रॉस असॉल्ट’ आठवत असेल. ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ बाजारात यायच्या आधी, फेब्रुवारीत, कॅपकॉमने इंटरनेटवर थेट दाखवलेला रिॲलिटी शो. टेकन संघाचा प्रशिक्षक आपल्याच संघातल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर तिच्या अंगाबद्दल विचारत राहिला, कॅमेरा तिच्या शरीरावर फिरवत राहिला, आणि बघणारे बघत राहिले. त्याच प्रक्षेपणात ट्विचच्या कम्युनिटी मॅनेजरने त्याला हटकलं, की हे सगळं सोडून नुसता खेळ नाही का होऊ शकत? प्रशिक्षकाचं उत्तर असं, की ही छेडछाड आमच्या संस्कृतीचा भाग आहे, ती काढलीत तर हा फायटिंग गेमवाल्यांचा समाजच उरणार नाही. पुढे त्याने माफी मागितली, तेही सांगायला हवं. मुलीने स्पर्धा सोडली. या गोष्टीत विकर्ण आहे, कर्णाचं काम करणारे हजारभर आहेत, आणि अर्धा वाटा कुणाचा हेही उघड आहे, कारण खोली, कॅमेरे आणि बक्षीस ज्याचं तो सभेचा प्रमुख.

‘संस्कृतीचा भाग’ हा युक्तिवाद आमच्याकडे थोड्या घरगुती रूपात येतो: ‘शिव्या सगळ्यांनाच पडतात.’ पडतात, मलाही पडल्यात, आणि त्यातल्या काही इतक्या कल्पक होत्या की मी त्या जपून ठेवल्यात. पण ‘तुझा ब्लॉक भिकार आहे’ ही शिवी सामन्याबद्दल असते आणि सामन्याबरोबर संपते. ‘तू इथं कशाला आलीस’ या शिवीला सामन्याशी देणंघेणं नसतं. ती खेळ संपल्यावर इन्स्टाग्रामवर येते, कुठल्या कॉलेजात आहेस विचारते, उत्तर नाही मिळालं की धमकी होते. 2014 मध्ये अमेरिकेत अनिता सार्कीसियन या समीक्षिकेला युटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं. गोळीबाराची धमकी आली होती, आणि परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यापासून राज्याच्या कायद्यामुळे अडवता येत नव्हतं. तिचा विषय काय होता? व्हिडिओ गेममध्ये बायका कशा दाखवतात.

दुसरा शहाणपणाचा सल्ला: ‘म्यूट कर ना.’ टेकनमध्ये एकवेळ ठीक, तिथं समोरासमोर दोघंच. व्हॅलोरंटमध्ये पाच जणांचा संघ असतो. ‘दोघं बी मेनवर, स्पाइक दिसला’ हे वेळेवर ऐकू आलं नाही तर फेरी गेली. माझी मावसबहीण माइक बंद ठेवून नुसत्या पिंगवर, म्हणजे न बोलता खुणा करत, खेळते, कारण आवाज ऐकला की कुणीतरी ‘लडकी है क्या’ पासून सुरुवात करतो. मग तिची रँक घसरते, आणि तोच कुणीतरी सांगतो की मुलींना कॉम, म्हणजे माइकवरून खबर, देता येत नाही. म्हणजे औषध तिनेच घ्यायचं आणि पथ्यही तिनेच पाळायचं.

इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीला दोष दिलाय. तिने कायद्याचा कीस काढत बसायला नको होतं, सभेकडे सरळ क्षत्रियधर्माच्या नावाने दयेची याचना करायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. बाईंबद्दल मला अपार आदर आहे, पण हे मला कधी पटलं नाही. ती रडली असती तर म्हटलं गेलं असतं की बाई भावनेच्या भरात बोलतेय. तिने प्रश्न विचारला, तर तिचा प्रश्न तपासायला घेतला. आमच्या गटातल्या एका मुलीने गटातल्याच एका खेळाडूच्या बोलण्याबद्दल तक्रार मांडली तेव्हा पहिल्या तासाभरातले संदेश मी पुन्हा वाचून पाहिले. एकाला तिची भाषा खटकली. एकाला ती आत्ताच का बोलली हे कळेना. एकाने तिचा विन-रेट टाकला. वात्स्यायनाने न्यायभाष्यात, कुणाचा शब्द प्रमाण मानावा याचं लक्षण देताना, स्वतःला जे थेट माहीत आहे ते तसंच सांगू पाहणारा माणूस एवढंच म्हटलंय, आणि पुढे जोडलंय की हे ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू आहे. विन-रेटचा उल्लेख नाही.

खोट्या आरोपाचं काय, हा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. कश्यपाचं वाक्यही निंदेला ‘पात्र’ माणसाबद्दल आहे, तेव्हा पात्रता ठरवणं आलंच. फक्त ठरवण्यासाठी ऐकावं लागतं, आणि ऐकताना ज्याच्यावर आरोप आहे तो आपला कोण हे आधी कबूल करावं लागतं. आमच्यात तो सगळ्यात चांगला खेळाडू होता. अर्ध्या गटाला बॅकडॅश त्याने शिकवलाय, मलासुद्धा. म्हणजे आमचा विरोचन. प्रल्हादापुढचा पेच मुलगी खरी की खोटी असा नव्हताच. ज्याच्यावर माया आहे त्याच्या विरुद्ध जाणारं खरं बोलायचं की नाही, हा होता. प्रल्हाद खरं बोलला, सुधन्वा श्रेष्ठ असं म्हणाला, आणि गोष्ट अशी की मग सुधन्व्यानेच विरोचनाचा जीव सोडला. दयेला जागा निवाड्यानंतर आहे. आमच्यापैकी काहींना ती आधीच हवी होती: ‘चांगला पोरगा आहे, सोडून द्या.’

आम्ही तिघा ॲडमिननी आमच्या स्पर्धेच्या फायनलचं रेकॉर्डिंग आवाज वाढवून ऐकलं, तिने दिलेले स्क्रीनशॉट तिच्या फोनवर पाहिले, त्याला बोलावून विचारलं. त्याने नाकारलं नाही. ‘गंमत होती’ म्हणाला. त्याला वर्षभर बंदी घातली आणि कारण सगळ्यांना कळवलं.

सभापर्वात शेवटी धृतराष्ट्र वर देतो तो द्रौपदीचा प्रश्न पटून नव्हे. अग्निहोत्राच्या शाळेत कोल्हा ओरडतो, गाढवं रेकतात, तेव्हा तो घाबरतो. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती पाहिली तर द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावाही मूळ संहितेत नाही, या पर्वाचा संपादक एजर्टनने तो तळटीपांत ठेवलाय. मोठ्या कंपन्यांनाही कोल्हा ऐकू यावा लागतो. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्समधल्या बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल 2018 मध्ये ‘कोटाकू’ने सविस्तर लिहिलं, खटला झाला, 2019 मध्ये तडजोडीची रक्कम 1 कोटी डॉलर ठरली. कॅलिफोर्निया राज्याने ती फारच कमी असल्याचा आक्षेप घेतला, आणि 2021 मध्ये आकडा 10 कोटींवर गेला.

कश्यपाच्या हिशेबात एक रकाना नाही. पाप कुणाचं किती ते आहे, जिच्यावर अन्याय झाला तिला काय मिळायचं ते नाही. म्हणून आम्ही तिलाच विचारलं. माफी तिला नको होती. तिला फायनलचं रेकॉर्डिंग चॅनलवरून काढून हवं होतं, कारण त्याचं बोलणं त्यात आहे आणि लोक तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवत होते. यावर बंदीपेक्षा जास्त भांडण झालं, कारण आमच्या चॅनलवर सगळ्यात जास्त पाहिला जाणारा सामना तोच. शेवटी काढला. आता उपांत्य फेरीनंतर थेट बक्षीस समारंभ दिसतो, आणि फायनल कुठं गेली असं कुणी विचारलं की आम्ही, तिचं नाव न घेता, कारण सांगतो.