आडनांव आणि माणूस

गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडावर एका गृहस्थांनीं मला पहिला प्रश्न विचारला तो आडनांवाचा. मीं तें सांगितलें आणि त्यांचा हिशेब तेवढ्यावर पुरा झाला. माझी विद्या, माझें वर्तन यांची चौकशी त्यांस पुढें करावीशी वाटली नाहीं. एका शब्दावरून माणसाचें मोल ठरवावें, हें न्याय्य आहे काय?

इंग्रजी शिकवितांना हा प्रश्न मला वारंवार आठवतो. 'ॲश्टन' म्हणजे ॲश नांवाच्या वृक्षाजवळची वाडी. 'स्मिथ' म्हणजे लोहार. १०६६ सालच्या नॉर्मन विजयानंतरच्या कांहीं शतकांत अशीं आडनांवें तेथें वंशपरंपरागत झालीं. परंतु आज एखादा स्मिथ न्यायासनावर बसला, तर त्याच्या पूर्वजांचा भाता कोणास आठवत नाहीं.

आपल्याकडील नांवांची घडण फारशी निराळी नाहीं. गणेशपुरीशेजारच्या वज्रेश्वरीचें जुनें नांव वडवली. 'वली' हें संस्कृत 'पल्ली'चें रूप. तेव्हां वडवली म्हणजे वडाची वस्ती, ॲश्टनची जणूं बहीणच! कुलकर्णी हें हुद्द्याचें नांव. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं. आडनांव मात्र राहिलें. भिवंडींत राहणाऱ्यास भिवंडीकर म्हणण्याचें कारण सहसा पडत नाहीं. तो गांव सोडून गेला, म्हणजे परके लोक त्यास तसें म्हणूं लागतात. एवंच, झाड, हुद्दा, सोडलेलें गांव यांच्या या खुणा. त्यांत माणसाच्या योग्यतेचें माप कोठें आहे?

मग आडनांवें टाकूनच द्यावींत, असें कोणी म्हणेल. मला तें पुरेसें वाटत नाहीं. दोष ऐकणाऱ्याच्या कानांत आहे. शब्द पुसला, तर तो कान बोलण्यांत, पोशाखांत दुसरी खूण शोधील.

आणि तो कान केवळ त्या गृहस्थांचा नाहीं. वर्षानुवर्षें हजेरी घेतांना मींही आडनांवावरून मुलांविषयीं अदमास बांधले. ते चुकले तेव्हां मला आश्चर्य वाटलें. तें आश्चर्य हीच माझ्या अपराधाची कबुली होय. ज्या मुलांविषयींचे अदमास चुकले असें मला कधीं कळलेंच नाहीं, त्यांचें काय झालें असेल?

आडनांव हें पूर्वजांचें स्मरण म्हणून अवश्य जपावें. त्यावर स्वतःची पत वाढवूं नये आणि दुसऱ्याची ठरवूं नये, एवढें पथ्य आपण पाळलें तरी पुष्कळ झालें.