न वाचता आलेला चरण

भाऊबिजेला बहीण माहेरी आली, ओवाळणे झाले, जेवणे आटोपली, की ओसरीवर सतरंजी टाकून सर्वांनी आईचा आवाज ऐकायचा, असा आमच्या घरचा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या शेवटच्या कार्तिकी यात्रेत कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी बसून तिने काही अभंग म्हटले होते. भाच्याने ते मोबाइलवर टिपून घेतले आणि मग संगणकाच्या हार्ड डिस्कवर ठेवून दिले. मागे यात्रेकरूंची गडबड आहे, कुणाचे तरी मूल रडते आहे, लांबून टाळांचा नाद येतो आहे आणि या सर्वांतून वाट काढीत तिचा किंचित चिरका पण ठाम आवाज पुढे येतो.

गेल्या भाऊबिजेला तो आवाज मध्येच थांबला. चार अभंग सुरळीत झाले. पाचव्याच्या तिसऱ्या चरणाशी संगणक अडला. आतून टकटक असा आवाज येत राहिला. बराच वेळ काहीच घडेना. मग पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली: येथील मजकूर वाचता येत नाही.

मला यंत्राचा राग आला. इतके शहाणे म्हणवणारे यंत्र, आणि एवढ्याशा चरणाशी हात वर करून मोकळे झाले! पण पुढे जे समजले त्याने तो राग ओसरला, आणि त्याच्या जागी एक प्रश्न येऊन बसला. तो प्रश्न यंत्राचा नाही, आपला आहे, म्हणून या दिवाळीत तो वाचकांपुढे ठेवतो आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बीडला संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने ती डिस्क नेली आणि मला समजेल अशा भाषेत सारे समजावून सांगितले. डिस्कवरचा मजकूर लहान लहान कप्प्यांत ठेवलेला असतो. जुन्या डिस्कमध्ये एका कप्प्यात ५१२ अक्षरे मावत, नव्यांत ४०९६ मावतात. प्रत्येक कप्प्याबरोबर काही जादा आकडे लिहिलेले असतात. "गुरुजी, तुम्ही आम्हाला गुणाकाराचा ताळा करायला शिकवला होता ना, तसाच हा ताळा," तो म्हणाला. नवाचा ताळा चूक झाली आहे एवढेच सांगतो. हा ताळा चूक कुठे झाली तेही दाखवतो आणि मर्यादेत असेल तर दुरुस्तही करतो. अमेरिकेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. सुटीच्या दिवसांत यंत्रावर लावलेले त्यांचे काम चूक सापडताच बंद पडे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर कुठे झाली हे का कळू नये, असा त्यांचा त्रागा. त्या त्राग्यातून १९५० साली त्यांचा या विषयावरचा लेख निघाला. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोघांनी याहून बळकट असा ताळा मांडला.

परंतु ताळ्यालाही मर्यादा आहे. नुकसान तिच्या पलीकडे गेले, की डिस्क तोच कप्पा पुनःपुन्हा वाचून पाहते, वाचणारे टोक किंचित इकडे तिकडे सरकवून पाहते. संगणकाचा सगळा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिमही पुन्हा मागणी करू शकते. आम्ही ओसरीवर चडफडत बसलो होतो तो वेळ या खटपटीचा होता. इतके करूनही साधले नाही, तर ती कारभारीण गाणे लावणाऱ्या प्रोग्रॅमला स्पष्ट कळवते, की हे वाचता आले नाही. ताळा न जमलेला मजकूर ती खरा म्हणून पुढे करीत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती माझ्या मनात घर करून राहिली. डिस्कजवळ राखीव कोरे कप्पे असतात. खराब कप्प्याच्या जागी त्यांतला एक लावून टाकणे तिला सहज शक्य असते. पण मजकूर वाचता आला नसेल तर ती तसे लगेच करीत नाही. तो कप्पा "प्रलंबित" म्हणून नोंदवून ठेवते. पुढे कधी तो वाचता आला, किंवा मालकाने स्वतः तिथे नवे काही लिहायला सांगितले, तरच ती बदल करते. एरवी हरवलेल्या मजकुराच्या जागी कोरा कागद लावून "सर्व ठीक" म्हटल्यासारखे होईल.

माझ्या विद्यार्थ्याने मजकूर वाचवणारा एक प्रोग्रॅम डिस्कवर लावला. त्याची रीतही शिकण्याजोगी आहे. दुखऱ्या जागी तो आधी झगडत बसत नाही, कारण त्या खटपटीत मोडकी डिस्क पुरतीच जायची. जे धड आहे ते प्रथम उतरवून घेतो, कुठे काय राहिले याचा नकाशा ठेवतो आणि मग राहिलेल्या जागांकडे वळतो. आठ दिवसांनी सारे परत मिळाले, अकरा सेकंद सोडून. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या हिशेबाने एका कप्प्यात आईचा सुमारे पाव सेकंद मावत होता. असे पंचेचाळीसेक कप्पे गेले.

"गुरुजी, मधली जागा गाळून दोन्ही टोके जोडून देऊ का? कुणाला कळणारही नाही," त्याने विचारले. बहीण म्हणाली, "दादा, तो चरण मला पाठ आहे. माझा आवाजही आईसारखाच आहे. मी म्हणते, ते तिथे बसवून टाका."

दोघांचाही हेतू चांगला होता. मग मी का अडलो?

माझी जन्मतारीख १ जून आहे. वाचकांपैकी अनेकांची, निदान त्यांच्या वडिलांची, हीच असेल. आई सांगे, की माझा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदेमळणी चालली असताना झाला. म्हणजे जून केव्हाच उलटून गेला होता. शाळेत नाव घालताना तारीख कुणाला सांगता आली नाही, आणि गुरुजींनी जूनची पहिली लिहून टाकली. त्यात दुष्टावा नव्हता. मुलाला शाळेत घ्यायचे, रकाना मोकळा ठेवायचा नाही, एवढेच त्यांच्या मनात होते. पण त्यांनी त्यापुढे "अंदाजे" हा शब्द लिहिला नाही. आज माझ्या आधार कार्डावर, सेवापुस्तकात सगळीकडे तीच तारीख आहे, आणि माझी निवृत्तीही तिच्यावरूनच ठरणार आहे. अंदाजाची खूण पुसली गेली, की तो अंदाज पुरावा होऊन बसतो.

आता कबुली द्यायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच केले. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे ते मूल, फडावरच जन्मलेले. बाप म्हणाला, "थंडी लई होती, गुर्जी." दाखल खारीज रजिस्टरात मी जूनची पहिली लिहिली. त्या बापाला आठवत होती ती थंडीसुद्धा मी पुसून टाकली. यंत्राने जे केले नाही ते मी केले होते.

मग अंदाज करणे हे पापच म्हणायचे काय? तसेही नाही. १९८२ साली गाण्यांच्या सीडी बाजारात आल्या. त्यांवर ओरखडा पडला आणि ताळ्याने निभावले नाही, तर वाजवणारे यंत्र आजूबाजूचे स्वर पाहून मधला स्वर अदमासाने भरते. ऐकणाऱ्याची कुणी फसवणूक केली असे आपण म्हणत नाही. पण तशाच चकतीवर हिशेब किंवा दस्तऐवज असतील, तर तिथे दुरुस्तीचा आणखी एक थर घातलेला असतो, आणि तोही अपुरा पडला तर संगणक नकार देतो. सातबाऱ्यावरचा आकडा शेजारच्या आकड्यांवरून भरून चालेल काय? गाणाऱ्याचा धर्म निराळा, साक्ष देणाऱ्याचा निराळा.

आपल्याकडच्या जाणत्यांनी हा भेद पाळलेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरी झाली. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहूनही जिथे पाठाची खात्री पटली नाही, तिथे संपादकांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. पाठ दिला, पण शंकाही छापली. तशी एक रेघ माझ्या रजिस्टरात असती तर!

यंत्राला मी संत ठरवीत नाही. कधी कधी डिस्कही चुकीचा मजकूर बिनबोभाट देऊन जाते, म्हणूनच काही व्यवस्थांमध्ये वरून आणखी एक स्वतंत्र ताळा ठेवलेला असतो. पण पुनःपुन्हा प्रयत्न करावा, नाहीच साधले तर "मला वाचता आले नाही" असे म्हणावे आणि दुसऱ्याच्या शब्दांच्या जागी आपले शब्द गुपचूप बसवू नयेत, ही शिस्त माणसांनीच तिला लावली आहे. मग ती आपल्यालाच जड का जावी?

ती अकरा सेकंदे आम्ही मोकळीच ठेवली. बहिणीने म्हटलेला चरण वेगळा टिपून, तिचे नाव घालून, शेजारी ठेवला. यंदा भाऊबिजेला पुन्हा सतरंजी टाकू. पाचव्या अभंगाच्या तिसऱ्या चरणाशी आई थांबेल. तेव्हा बहीण समोर बसून तो चरण स्वतःच्या आवाजात म्हणेल. मग पुढचा चरण आई उचलील.

त्या मुलाचा पत्ता मात्र मी अजून शोधतो आहे. थंडीची गोष्ट त्याला सांगायची राहिली आहे.