प्लग

नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडला लागून ट्रकच्या वायरिंगचं एक दुकान आहे. ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मिळून 24. त्या उलट्या जोडल्या की काय होतं, हे दुकानाच्या मालकाने इतक्यांदा पाहिलंय की मीटर लावल्याशिवाय तो वायरीला हात लावत नाही.

सुट्टीत त्याचा भाचा रिमोटची गाडी घेऊन तिथे बसला. जुना स्पीड कंट्रोलर जळला होता, नवा बसवायचा होता. पोराचा हात सफाईचा. कंट्रोलर त्याने दुहेरी टेपने असा चिकटवला की हीट सिंकला वरून हवा लागावी. अँटेनाची तार जाड वायरींपासून लांब घेतली, तीन तारांचा छोटा प्लग रिसीव्हरमध्ये सारला. मोटर ब्रशलेस, तिच्या तीन वायरी. तिथे चुकलं तरी चाकं फक्त उलटी फिरतात. कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. बॅटरीकडच्या दोन वायरींत मात्र ही सवलत नाही. तिथे उलटसुलट झालं की बहुतेक कंट्रोलर क्षणात जातात.

बॅटरी कोणाकडून तरी जुनी घेतलेली, प्लग बदललेला. वायरींवर काळी स्लीव्ह, आतलं काही दिसेना. पोरगा जोडायला निघाला, तेवढ्यात मामाने मीटर पुढे केला. लाल टोक प्लगच्या अधिक खुणेवर, काळं उण्यावर. आकडा आला उणे 7.6.

पोराचा चेहरा उतरला. पहिला कंट्रोलर कशाने गेला, ते कळलं.

मग त्याचं डोकं चाललं. "मामाजी, कंट्रोलरचाच प्लग उलटा करतो ना. त्याच्यात करंट नाही, पाच मिनिटांचं काम."

"चालन. तुही गाडी चालन," मामा म्हणाला. "पण उद्या कोणी ही बॅटरी मागून नेली, त त्याच्या गाडीचं काय? त्याले काय मालूम, तू काय करून ठेवलं?"

"मी कोणाले देतच नाही."

"ज्यानं तुले देल्ली, तोही असाच म्हणत असन."

पोरगा गप्प झाला. बॅटरीचा प्लग बदलणं खरंच कटकटीचं. तिला बटण नसतं, वायरी कायम जिवंत. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीच त्यांना जोडते, आणि लिपो बॅटरी शॉर्ट झाली की पेट घेऊ शकते. त्याने आधी एक वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली, मग दुसरी. लाल वायर अधिकच्या पिनला झाळली, स्लीव्ह चढवली, पुन्हा टेप सोडून काळी. तासभर गेला. मामाने मदत केली नाही, नुसता समोर बसला.

पुन्हा मीटर. आकड्याआधीचं उणं गेलं होतं. मागची चाकं विटेवर उचलून धरली, आधी रिमोट चालू केला, मग गाडी. चाकं फिरली.

पुढच्या रविवारी गल्लीतला एक मित्र ती बॅटरी मागून घेऊन गेला. मीटरबिटर काही न लावता त्याने ती सरळ आपल्या गाडीला जोडली. त्याची गाडी संध्याकाळपर्यंत चालली.