'म्हणून' या शब्दाची अडचण

आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी साक्ष सांगायची पद्धत आहे. एखादी म्हातारी उभी राहते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि सांगते, लहानपणी लई हाल काढले, म्हणून मला प्रभू भेटला. सगळे आमेन म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या 'म्हणून'पाशी माझी गाडी दरवेळी अडते. नुसत्या हालानं देव भेटत असता, तर आमच्या नेवासे तालुक्यात देव न भेटलेला माणूस औषधाला सापडला नसता.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, बैल कवडीमोलानं गेले. आई, थोरले दादा आणि मी दुष्काळी कामावर जायचो. आई माती वाहायची, आम्ही खडी फोडायचो, हजेरी मोठ्यांच्या नावावर लागायची. दुपारी सुकडी मिळायची. रात्री अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर. थापताना तुटायची आणि निवली की दातांना दाद द्यायची नाही. झोपायच्या आधी आई प्रभूची प्रार्थना म्हणायला लावायची. तिच्यात रोजच्या भाकरीचं मागणं आहे. भरल्या घरात ते मागणं म्हणताना जीभ नुसती पुढं सरकते. आमच्या घरात त्या शब्दापाशी आई थांबायची, अन् तिच्यामागं आम्ही. उद्याची नाही, आजचीच मागायची, हे मला तिच्या त्या थांबण्यातनं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण हगवणीनं गेली. चार वर्षांची होती.

आता बघा, घर एक, मिलो एक, बहीण एक. मी देवाला धरून राहिलो आणि दादांनी तिला पुरून आल्यापासून देवळाची पायरी चढली नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तुला तिथं देव दिसला असंल. मला तिचं हात दिसलं, काडीवानी." यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. आणि ज्याच्याकडं याचं उत्तर तयार असतं, त्याच्यापासून मी जरा लांबच बसतो.

उलट बाजूनंही ऐकावं लागतं. पोटासाठी बाटले, हा टोमणा आमच्या कानाला जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. माझा पणजा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, मिशनच्या आसऱ्याला गेला असं घरात सांगतात. धान्यासाठी गेला असेल. भुकेल्यानं धान्याकडं जायचं नाही तर कुठं जायचं? पण पाऊस पडला, वाटप थांबलं, तरी तो तिथंच राहिला. तो का राहिला, हे मात्र टोमणा मारणारा विचारत नाही. बहात्तरला अख्ख्या गावानं अमेरिकेचा मिलो खाल्ला, कुणाचा धर्म बदलला? शिवाय १९५० च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाहीत. पुढं शिखांना मिळाल्या, १९९० ला बौद्धांनाही मिळाल्या, आम्हाला नाहीत. पोटाचाच हिशेब असता तर आमच्या लोकांनी तो केव्हाच दुरुस्त केला असता.

मला यात पंडिता रमाबाईंचा विचार करायला आवडतो. आईबाप आणि थोरली बहीण मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात गेली, तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. उपास, व्रतं, तीर्थयात्रा सगळं करून झालेलं होतं. भावाबरोबर पायी देश तुडवत त्या १८७८ ला कलकत्त्याला पोचल्या. बाप्तिस्मा घेतला तो १८८३ ला, इंग्लंडात, पंचविसाव्या वर्षी, पुष्कळ वाचून आणि पुष्कळ वाद घालून. त्या वेळी त्यांना भाकरीची भ्रांत नव्हती. म्हणजे भुकेनं त्यांना ख्रिस्ती केलं असं म्हणता येत नाही. पण १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर त्या स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली-बाया घेऊन आल्या. पुढं त्यांचं मुक्तिसदन केडगावला उभं राहिलं. (हे नगरजवळचं केडगाव नव्हे, भीमेपल्याडचं, दौंड तालुक्यातलं.) रस्त्याकडेला बसलेल्या पोरीची भूक किती दिवसांची आहे, हे त्यांना बघूनच कळत असणार. ते पुस्तकातनं येत नाही, बाप्तिस्म्यानंही येत नाही.

माझं मत असं झालंय, की लहानपणचे हाल माणसाला विश्वास देत नाहीत. कधी देतात, कधी असलेला काढून घेतात. पण विश्वास आलाच, तर त्यानं कुणाच्या दारी जायचं, हे त्या हालांनी आधीच ठरवलेलं असतं. सुखात वाढलेल्या माणसाचा विश्वास खोटा, असं मी म्हणणार नाही. चांगली माणसं बघितलीत मी. फक्त त्यांना सांगावं लागतं की शेजारी उपाशी आहे.

आणि दादांचं काय, हा पेच राहतोच. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात जागोजाग चारा छावण्या पडल्या होत्या. दादांच्या बोअरला थोडं पाणी टिकलं होतं. त्यांनी मोसंबीची झाडं वाळू दिली आणि वस्तीवरच्या पाच घरांना पाईप टाकून दिला, लहान पोरं असलेल्या घरांना आधी. एक रुपया घेतला नाही. मी म्हणालो, "दादा, तुम्ही माना नाहीतर मानू नका, पण हे प्रभूचंच काम आहे."

"पाईप माझाय," दादा म्हणाले, "अन् लाईटबिलबी मीच भरतो. सांग त्याला."