घरच्या शाळेत कोणता ख्रिस्त शिकवायचा?

बीड जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. वर्गात मूल एकटे पडते आणि त्याच्या श्रद्धेबद्दल कोणी विचारले तर द्यायला उत्तर नसते, ही आईवडिलांची काळजी खरी आहे. त्या काळजीतून एखादे कुटुंब मुलांना घरीच शिकवायचे ठरवते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शाळेत घालण्याची जबाबदारी पालकांवर टाकली असली तरी त्यासाठी शिक्षेची तरतूद केलेली नाही, आणि वयाच्या चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देता येते. म्हणजे वाट आहे. खरा प्रश्न शिकवायचे काय, हा आहे.

याचे तयार उत्तर अमेरिकेतून येते. ‘अबेका’, ‘बॉब जोन्स’, ‘अ‍ॅक्सलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ यांचे संच इतिहासापासून विज्ञानापर्यंत प्रत्येक विषय ख्रिस्ती जीवनदृष्टीतून शिकवण्याची हमी देतात. पुस्तके आखीव असतात आणि पालकाला धीर देतात. पण हे संच मराठी ख्रिस्ती मुलाला जसेच्या तसे देऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते.

प्रत्येक अभ्यासक्रमात तो लिहिणाऱ्या समाजाचे वाद आणि भीती उतरलेली असते. बॉब जोन्स विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. तिथे भिन्न वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवण्यावर बंदी होती, आणि ती धर्माच्या आधारे समर्थिली जात होती. या बंदीपायी करसवलत गेली, 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठ हरले, तरी बंदी उठायला 2000 साल उजाडले. मराठवाड्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांनी जातीच्या जाचातून सुटायला ख्रिस्ताचा आधार घेतला. त्यांच्या नातवंडांनी माणसामाणसांतल्या नात्याचे धडे अशा संस्थेच्या छापखान्यातून, पारखल्याशिवाय का घ्यावेत?

विज्ञानाचेही तसेच. हे संच पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत घडली असे विज्ञान म्हणून शिकवतात. बालाघाटच्या डोंगररांगेत राहणाऱ्या मुलाच्या पायाखाली दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. देवाची निर्मिती मानणाऱ्या मुलाने हा दगड हातात घेऊन त्याचे वय का लपवावे? श्रद्धा अशा लपवाछपवीवर उभी केली, तर कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ती कोसळते.

मुलाला श्रद्धा कशी शिकवावी, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती इतिहासात पूर्वी एकदा फार निकराने लढला गेला आहे. पंडिता रमाबाई स्वतः घरीच शिकल्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने मुलीला. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची मनोरमा लहान होती. तिला धर्म कसा शिकवावा यावरून रमाबाई आणि त्यांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात तीव्र पत्रव्यवहार झाला. आपल्याला न पटलेली तत्त्वे केवळ चर्चच्या अधिकारावर मुलीच्या मनात ठसवली जाऊ नयेत, हा रमाबाईंचा आग्रह होता. मुलीने आपल्या देशबांधवांत त्यांच्यातलीच एक होऊन वाढावे, स्वतःला त्यांच्याहून वरचढ समजू नये, हा दुसरा. पुढे याच मनोरमेने आईच्या शारदा सदनाची धुरा वाहिली आणि बीडप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यात 1912 मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती शाळेची जबाबदारी घेतली. जिला प्रश्न विचारू दिले गेले, ती श्रद्धेपासून तुटली नाही आणि लोकांपासूनही नाही.

अभ्यासक्रम पारखण्याच्या कसोट्या मला इथेच सापडतात. तो मुलाला प्रश्न विचारू देतो का, आणि त्याला शेजाऱ्यापर्यंत नेतो का?

बीडमध्ये शेजारी शोधायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. मागे आजीआजोबा किंवा हंगामी वसतिगृह नसेल, तर मुलेही फडावर जातात आणि त्यांची शाळा सुटते. आपण आपल्या मुलाला निवड म्हणून शाळेबाहेर ठेवतो, शेजारच्या वस्तीवरचे मूल नाइलाजाने शाळेबाहेर राहते. ज्या अभ्यासक्रमाला हे दुसरे मूल दिसत नाही, त्याला ख्रिस्ती म्हणणे मला अवघड जाते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. कोणी कामाला न बोलावल्यामुळे दिवसभर चौकात उभे राहिलेल्या मजुरांनाही तो संध्याकाळी पूर्ण रोज देतो. अमेरिकेतल्या उपनगरात हा दाखला देवाच्या कृपेचे रूपक म्हणून शिकवला जातो, आणि तो अर्थ खराच आहे. पण बीडच्या मुलाला त्यात मुकादम दिसेल, मजुरी दिसेल, टनामागे किती मिळाले याचा हिशेब दिसेल. परक्या शेतात सरवा वेचणारी रूथ त्याला अनोळखी वाटणार नाही. गणिताच्या तासाला उचल आणि तिची फेड मांडता येईल, भूगोलाच्या तासाला पाऊस, जमीन आणि स्थलांतर यांचा संबंध जोडता येईल. जीवनदृष्टी अशी प्रत्येक विषयात मुरते, त्यासाठी पानोपानी बायबलचे वचन छापावे लागत नाही.

आणि आपल्या भाषेत आधारही आहे. 1616 मध्ये छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आहे. ज्या ओवीत ते रचले, तिची परंपरा मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईत, बीडच्याच भूमीत, मुलाला प्रत्यक्ष दाखवता येते. तुकारामाचा हात धरून ख्रिस्तापर्यंत गेलेले नारायण वामन टिळक आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर घरच्या शिक्षणाचे अस्सल पुस्तक आहे. पतीने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी पाच वर्षे स्वतःच्या मनाशी झगडून, एकेक सोवळे सोडत, आपला निर्णय घेतला. मूळ भाषांतून मराठीत आणलेले रमाबाईंचे बायबलही आहे.

यावर आक्षेप येईल की हे साहित्य विखुरलेले आहे, इयत्तावार नाही आणि घर सांभाळणाऱ्या आईने ते जुळवायचे केव्हा? आक्षेप रास्त आहे. गणित, इंग्रजी, लेखनाचा सराव यांसाठी परदेशी संच वापरायला माझी हरकत नाही, राज्य मंडळाची पुस्तकेही हाताशी आहेत. पण इतिहास, समाज, विज्ञान आणि बायबल हे विषय आईवडिलांनी स्वतः वाचून, पारखून, आपल्या मातीतल्या उदाहरणांनी शिकवावेत. हे ओझे एकट्या आईवर टाकणेही बरोबर नाही. नगर, जालना, बीड या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी एकत्र येऊन मराठी पाठ तयार करावेत. रविवारच्या शाळेवर आपण खर्च करतोच, त्यातला काही भाग या कामी लावता येईल. आणि घरी शिकणाऱ्या मुलाचा आठवड्यातला काही वेळ इतर धर्मांच्या, इतर जातींच्या मुलांबरोबर जाईल, हे पालकांनी वेळापत्रकातच लिहून ठेवावे.

मुलाला जगापासून वाचवण्यासाठी निवडलेला अभ्यासक्रम त्याला भित्रे करतो. ख्रिस्त मात्र शिष्यांना माणसांमध्ये पाठवत होता. आपल्या मुलांना तिकडे जाता यावे, एवढे बळ देणारे शिक्षण घरात मिळत असेल, तरच शाळा सोडण्याचा निर्णय योग्य ठरतो.